अंगणातील बॉक्स कासवे हिवाळ्यासाठी घरात कधी आणि कशी आणावीत?

परसदार यांचा प्रश्न

नमस्कार मंडळी. माझ्याकडे तीन बॉक्स कासवे, म्हणजे पोटाचे कवच डब्यासारखे मिटून घेणारी उत्तर अमेरिकेतील जमिनीवरची कासवे, आहेत. वसंतापासून शरदापर्यंत ती मागच्या अंगणात कुंपण घातलेल्या वाफ्यात राहतात. तिथे झुडपांची सावली आहे, जमिनीत बसवलेली उथळ परात आहे आणि एका कोपऱ्यात मी पालापाचोळ्याचा ढीग मुद्दाम साठू देतो. मोठी मादी सहा वर्षांपासून माझ्याकडे आहे आणि तिचे वजन सध्या ५२० ग्रॅम भरते. नर ४४० ग्रॅमचा आहे. तिसरे कासव या उन्हाळ्यातच एका ओळखीच्या कुटुंबाकडून आले. ते अजून पूर्ण वाढलेले नाही, वजन जेमतेम २१० ग्रॅम आहे, आणि आले तेव्हा त्याचे दोन्ही डोळे सुजून मिटलेले होते. पशुवैद्यांच्या उपचारांनी डोळे उघडले, परंतु उजवा डोळा सकाळी अजूनही थोडा चिकटलेला असतो.

मोठी मादी आणि नर यांनी मागचे हिवाळे त्या पाल्याच्या ढिगाखाली मातीत शिरून काढले आणि वसंतात ती आपण होऊन वर आली. यंदा मला काळजी वाटते ती लहानग्याची. गेल्या आठवड्यापासून रात्रीचे तापमान ८ ते ११ अंश सेल्सिअसपर्यंत उतरू लागले आहे. परवा सकाळी ते निम्मे मातीत शिरलेले दिसले. हातात घेतले तेव्हा ते नदीतल्या गोट्यासारखे गार लागले, आणि मान आत ओढून घ्यायलाही त्याला बराच वेळ लागला. पाच दिवसांत त्याने अन्नाला तोंड लावलेले नाही.

माझा विचार असा आहे की तिघांनाही एका मोठ्या प्लॅस्टिकच्या टबात घालून घरामागच्या बंद खोलीत ठेवावे. त्या खोलीत हीटर नाही, परंतु बाहेरच्याइतकी थंडीही तिथे पोहोचत नाही आणि तापमान १४ ते १६ अंशांच्या आसपास राहते. खिडकीतून दुपारी दोन तास ऊन येते, त्यामुळे वेगळा दिवा लागणार नाही असे वाटते. हा बेत योग्य आहे का? आणि जी कासवे आजवर बाहेर व्यवस्थित झोपत आली, त्यांनाही घरात आणणे आवश्यक आहे का? अनुभवी लोकांनी कृपया सविस्तर लिहावे.

कवचप्रेमी यांचे उत्तर

परसदार, कासवे त्या खोलीत ठेवण्याआधी आपण विचारलेत हे फार बरे झाले, कारण १४ ते १६ अंशांची खोली ही या सगळ्या पर्यायांतली सर्वांत धोक्याची जागा आहे. उघड्या अंगणापेक्षाही ती अधिक धोक्याची आहे, असे मी विचारपूर्वक लिहितो आहे.

कासवाचे पचन, हालचाल आणि रोगाशी झुंजण्याची ताकद, हे सारे भोवतालच्या उष्णतेवर चालते. तापमान ५ अंशांच्या आसपास असते तेव्हा शरीराचा कारभार इतका मंदावतो की महिनोन्महिने उपाशी राहूनही साठवलेल्या चरबीचा थोडाच भाग खर्च होतो. २५ अंशांच्या आसपास तोच कारभार पूर्ण वेगाने चालतो, कासव खाते आणि खाल्लेले पचवते. या दोहोंच्या मधल्या पट्ट्यात, म्हणजे साधारण १० ते १८ अंशांत, शरीर आपला साठा जाळत राहते परंतु पचनाला पुरेल एवढी ऊब त्याला मिळत नाही. भूक मरते, आणि एखादा घास पोटात गेलाच तर तो आतड्यात पडून कुजतो. प्रतिकारशक्ती मंद झालेली असताना जिवाणू मात्र मंद झालेले नसतात. धड झोप नाही आणि धड जागही नाही, अशी ही त्रिशंकू अवस्था असते आणि तिच्यात कासव आठवड्या-आठवड्याने खंगत जाते.

हे मी एक कासव गमावून शिकलो. माझ्या पहिल्या हिवाळ्यात मी एका मादीला जिन्याखालच्या खोक्यात ठेवले होते. तिथे १३ ते १५ अंश तापमान असे आणि मला ती जागा अगदी सुरक्षित वाटत होती. ती कधी हालचाल करी, कधी निपचित पडून राही, आणि मी त्यालाच शीतनिद्रा समजत होतो. सहाव्या आठवड्यात तिच्या नाकपुडीवर एक बारीक बुडबुडा दिसला, जो श्वासागणिक फुगत आणि फुटत होता. मी पुसला, तर तो पुन्हा आला. दोन दिवसांनी ती मान लांब करून, तोंड उघडून श्वास घेऊ लागली. पशुवैद्यांकडे नेले तेव्हा फुफ्फुसांचा संसर्ग फार पुढे गेलेला होता. त्या बुडबुड्याच्या दिवशीच तिला नेले असते तर कदाचित ती वाचली असती, म्हणून ज्यांच्या घरात कासवे आहेत त्या प्रत्येकाला मी हे चिन्ह आवर्जून सांगतो.

आता आपल्या लहानग्याविषयी. वजन कमी, डोळ्यांचे दुखणे ताजे आणि आपल्याकडचा पहिलाच हिवाळा, ही तिन्ही कारणे अशी आहेत की यंदा त्याला झोपू देऊ नये. त्याला आजच घरात घ्या. मात्र गार पडलेल्या कासवाला थेट तापलेल्या दिव्याखाली ठेवू नका. पहिला दिवस घरातल्या नेहमीच्या, २० ते २१ अंशांच्या खोलीत जाऊ द्या आणि दुसऱ्या दिवसापासून दिवा लावा. दोन्ही दिवशी त्याला कोमट पाण्यात पंधरा-वीस मिनिटे बसवा. पाणी हनुवटीच्या खालीच राहील एवढे उथळ असावे. बहुतेक कासवे त्या पाण्यात पोटभर पितात आणि तिथेच विष्ठा टाकतात, त्यामुळे आतडे सुरू झाले की नाही हेही कळते. अन्न त्यानंतर द्या. ८ ते ११ अंशांच्या रात्रींत त्याने पाच दिवस खाल्ले नाही, हे त्या तापमानाला धरूनच आहे, आजाराचे लक्षण म्हणून पाहण्यासारखे नाही. पूर्ण ऊब मिळूनही आठ-दहा दिवस ते खात नसेल, तर मात्र पशुवैद्यांना दाखवा.

डोळ्यांची सूज पुष्कळदा ‘अ’ जीवनसत्त्वाच्या कमतरतेतून येते आणि तिच्याबरोबर कानाच्या जागी गळूही होऊ शकते. डोळ्यांच्या मागे, दोन्ही बाजूंना एकसारखे सपाट दिसते की एका बाजूला फुगवटा आहे, हे रोज पाहत जा. गाजर, लाल भोपळा, रताळे आणि गडद हिरवा पाला हळूहळू वाढवा. या जीवनसत्त्वाची इंजेक्शने किंवा थेंब स्वतःच्या मनाने देऊ नका, कारण जास्त मात्रेने त्वचा सोलून निघते.

ओलीमाती यांचे उत्तर

कवचप्रेमी यांनी तापमानाचा मुद्दा नेमका मांडला आहे. मी निवाऱ्याविषयी लिहिते, कारण बाहेर राहिलेले कासव घरात आल्यावर त्याचे सर्वाधिक हाल चुकीच्या निवाऱ्यामुळे होतात असे माझे निरीक्षण आहे.

काचेची टाकी घेऊ नका. माझ्याकडच्या एका कासवाला मी सुरुवातीला काचेच्या टाकीत ठेवले होते. काच हा अडथळा आहे हे त्याला समजतच नव्हते. सकाळी दिवा लागला की ते एका कोपऱ्यातून निघून काचेला नाक घासत दुसऱ्या कोपऱ्यापर्यंत जाई, वळे आणि पुन्हा तेच करी. चार दिवसांत त्याच्या नाकाचे टोक सोलून गुलाबी झाले. त्याच टाकीला बाहेरून पुठ्ठा लावल्यावर अर्ध्या तासात ते शांत झाले आणि मातीत शिरून बसले. म्हणून बाजू अपारदर्शक हव्यात, मग ते लाकडी कपाट आडवे पाडून केलेले असो किंवा मोठा प्लॅस्टिकचा टब. एका प्रौढ कासवासाठी १२० सेंटिमीटर लांब आणि ६० सेंटिमीटर रुंद ही जागा कमीत कमी समजावी.

तळाशी दहा ते पंधरा सेंटिमीटर खोल थर द्या, कारण बॉक्स कासवाला अंग झाकून घेतल्याशिवाय निर्धास्त वाटत नाही. खत किंवा कीटकनाशक न मिसळलेली माती आणि कोकोपीट सारख्या प्रमाणात मिसळून त्यावर स्फॅग्नम मॉस (ओलावा धरून ठेवणारे शेवाळ) आणि वाळलेली पाने पसरावीत. देवदार किंवा पाइनचा भुसा वापरू नये, त्यातील तेलांची वाफ श्वासनलिकेला त्रास देते. थर मुठीत दाबला तर गोळा व्हावा पण पाणी ठिबकू नये, इतका ओलावा राखावा. हवेतील आर्द्रता ६० ते ८० टक्के असू द्या. हिवाळ्यात हीटर चालू असलेल्या घराची हवा फार कोरडी असते आणि पापण्या सुजण्याचे, कातडी भेगाळण्याचे तेही एक कारण असते, त्यामुळे आपल्या लहानग्याच्या चिकटणाऱ्या डोळ्यासाठी ओलावा हा औषधाइतकाच महत्त्वाचा आहे.

खिडकीतील उन्हाविषयी आपला समज दुरुस्त करणे भाग आहे. कासवाला ‘ड३’ जीवनसत्त्व तयार करण्यासाठी सूर्यप्रकाशातील यूव्हीबी (एका प्रकारचे अतिनील) किरणे लागतात आणि खिडकीची साधी काच ती जवळजवळ सगळी अडवते. काचेतून येते ते ऊन उबदार आणि उजेडाचे असते, परंतु हाडांच्या आणि कवचाच्या दृष्टीने ते रिकामे असते. शिवाय ऊन थेट टबावर पडले तर टब तापून कासव होरपळण्याची भीती राहते. म्हणून यूव्हीबीची लांब ट्यूब घ्या, लहान वळणदार बल्ब नको. ती कासवाच्या पाठीपासून बनवणाऱ्याने सांगितलेल्या अंतरावर लावा आणि रोज बारा तास चालू ठेवा. मध्ये बारीक जाळी आली तरी किरणे बरीच कमी होतात. ट्यूबचा उजेड डोळ्यांना पहिल्यासारखाच दिसत राहतो, पण तिची यूव्हीबी देण्याची ताकद उतरत जाते, त्यामुळे साधारण वर्षाने ती बदलावी. बसवल्याची तारीख ट्यूबवरच लिहून ठेवली म्हणजे विसर पडत नाही.

उबेसाठी एका टोकाला दिवा लावून त्याखाली २९ ते ३२ अंश मिळू द्या आणि दुसरे टोक २१-२२ अंशांवर राहू द्या, म्हणजे कासव आपल्या गरजेप्रमाणे जागा निवडेल. रात्री १८ अंशांच्या खाली जाऊ देऊ नका. तेवढी ऊब घरात नसेल तर प्रकाश न देणारा सिरॅमिक हीटर थर्मोस्टॅटला (तापमान आपोआप राखणाऱ्या उपकरणाला) जोडून लावा. दिवा नुसत्या चिमट्यावर अवलंबून ठेवू नका, त्याला साखळीनेही बांधा, कारण वाळलेल्या पानांवर पडलेला तापलेला दिवा म्हणजे आग. आणि तापमापक कासवाच्या पाठीच्या उंचीवर ठेवा, वरच्या कडेला टांगलेला तापमापक खालची खरी स्थिती सांगत नाही.

जुनी वही यांचे उत्तर

वरील दोन्ही उत्तरांशी मी सहमत आहे, तरीही आपल्या मोठ्या दोघांच्या बाबतीत मी वेगळा सल्ला देईन. जी प्रौढ कासवे निरोगी आहेत, वजनाने भरलेली आहेत आणि ज्यांनी त्याच अंगणात अनेक हिवाळे सुखरूप काढले आहेत, त्यांना मायेपोटी घरात आणून जागे ठेवण्याची गरज नाही. उत्तर अमेरिकेच्या थंड भागांतील बॉक्स कासवांचे शरीर या झोपेसाठीच घडलेले आहे. अनेकदा तर घरात पुरेशी ऊब असूनही दिवस लहान होत चालल्याचे त्यांना जाणवते आणि ती खाणे सोडतात. मग मालक त्यांच्याशी महिनाभर झगडत बसतो.

मात्र झोप म्हणजे खरी थंड झोप हवी. जमिनीच्या आत ४ ते ७ अंश तापमान टिकले पाहिजे, १० अंशांच्या वर वारंवार जाऊ नये आणि शून्याच्या खाली जाऊ नये. बॉक्स कासवे शरीरातील काही पाणी गोठले तरी थोडा काळ तग धरू शकतात हे खरे आहे, परंतु त्या क्षमतेच्या भरवशावर आपण पाळलेला जीव सोडू नये. माती भुसभुशीत आणि निचऱ्याची असावी, तिच्यावर पाल्याचा हात-दीड हात उंच ढीग असावा, आणि उंदीर-घुशी किंवा कुत्री उकरू शकणार नाहीत अशी जाळी वरून घट्ट बसवावी. झोपलेल्या कासवाचे पाय उंदरांनी कुरतडल्याचे मी स्वतः पाहिले आहे आणि ते दृश्य विसरता येत नाही.

पोट रिकामे करून झोपणे सर्वांत महत्त्वाचे असते. शरदात बाहेर ती आपण होऊन खाणे कमी करतात. पण आपण अजूनही वाटीत अन्न ठेवत असाल तर ते थांबवा आणि पाणी मात्र शेवटपर्यंत ठेवा. दोन ते तीन आठवडे दिवसा ऊब असताना उपाशी गेले म्हणजे आतडे रिकामे होते. त्याआधी विष्ठेची तपासणी करून जंत नाहीत ना हे पाहून घ्यावे. यंदा ते राहून गेले असेल तर यंदाचा हिवाळा घरात जागे ठेवणे हा सुरक्षित मार्ग आहे. वजनाची नोंद मी वहीत ठेवतो. संपूर्ण झोपेत दहा टक्क्यांहून अधिक घट होत असेल तर काहीतरी बिघडले आहे असे समजून कासवाला सावकाश जागे करावे. आपल्या मादीच्या बाबतीत याचा अर्थ ४६८ ग्रॅम असा होतो. एकदा जागे केलेल्या कासवाला त्या हिवाळ्यात पुन्हा झोपवू नये.

विषयाला लागून आणखी एक गोष्ट लिहितो. काही वाचकांना या दिवसांत झाडीत पाल्याखाली रानटी बॉक्स कासव दिसेल आणि थंडीत मरेल या दयेने ते उचलून घरी आणावेसे वाटेल. कृपया तसे करू नका. ही कासवे बहुधा सारे आयुष्य काही शे मीटरच्या परिसरात काढतात आणि तिथून हलवली तर परतीची वाट शोधत भटकत राहतात. १९९५ पासून हा संपूर्ण गट वन्यजीवांच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर नियंत्रण ठेवणाऱ्या साइट्स कराराच्या परिशिष्टांत आहे, तो रानातून होणाऱ्या उचलाउचलीमुळेच.

परसदार यांचा प्रतिसाद

आपणा सर्वांचे मनापासून आभार. मागच्या खोलीचा बेत मी त्याच रात्री रद्द केला. ओलीमाती ताईंनी सांगितल्याप्रमाणे लाकडी कपाट आडवे पाडून निवारा तयार केला आणि दिव्याखालचे तापमान ३० अंशांवर स्थिर झाल्यावरच लहानग्याला त्यात सोडले. पहिले तीन दिवस त्याने खाल्ले नाही, परंतु रोजच्या कोमट पाण्यात ते मान बुडवून इतका वेळ पाणी पीत होते की घशाची हालचाल मोजता यावी. चौथ्या दिवशी सकाळी मी त्याच्यासमोर एक जिवंत गांडूळ ठेवले. ते बराच वेळ मान वाकडी करून, डाव्या डोळ्याने बघत राहिले, मग एक पाऊल पुढे टाकून त्याने झडप घातली. आज वजन २१४ ग्रॅम आहे आणि उजवा डोळा सकाळी उघडा होता.

नर मात्र मला शंकास्पद वाटतो. तो झोपेच्या तयारीत आहे, पण मागील वसंतापेक्षा त्याचे वजन ३० ग्रॅमने कमी भरले, म्हणून त्याला आत आणायचे ठरवले आहे. मादीला बाहेरच झोपू देईन. नर आणि लहानगे एकाच निवाऱ्यात चालतील का? आणि वसंतात यांना बाहेर केव्हा सोडावे?

ओलीमाती यांचे उत्तर

एकत्र अजिबात ठेवू नका. उन्हाळाभर तिघे एका वाफ्यात नांदली ती जागा मोठी असल्यामुळे आणि लपायला झुडपे असल्यामुळे. चार फुटांच्या पेटीत लहानग्याला नरापासून दूर जाता येणार नाही, आणि चावाचाव झाली नाही तरी नुसत्या धास्तीने ते खाणे सोडेल. नराचे वजन कारण नसताना घटले असेल तर विष्ठा तपासून होईपर्यंत दोघांची भांडी, पाणी आणि माती वेगळीच ठेवा. लहानग्याचे काम आधी करून मग नराचे करावे आणि प्रत्येक वेळी हात साबणाने धुवावेत. कासवांच्या अंगावर साल्मोनेला हा माणसाला आजारी पाडणारा जिवाणू असू शकतो, त्यामुळे हात धुणे आपल्या घरच्यांसाठीही आवश्यक आहे. ज्या सिंकमध्ये स्वयंपाकाची भांडी धुतो तिथे त्यांची परात धुऊ नका.

खाण्यात गांडुळे सुरू झाली हे उत्तम आहे. आता त्यांच्यासोबत किसलेला भोपळा आणि बारीक चिरलेला गडद पाला मिसळा, म्हणजे गांडुळाच्या वासाने तेही पोटात जाईल, आणि त्यावर आठवड्यातून दोनदा कॅल्शियमची पूड भुरभुरवा. हिवाळाभर हालचाल कमी असते, त्यामुळे प्रौढ नराला एक दिवसाआड खाणे पुरेसे होते. त्याने अंग आत ओढून घेतल्यावर पोटाचे कवच पूर्ण मिटत नसेल आणि पायांच्या बाजूने मांस बाहेर येत असेल, तर खाणे जास्त होते आहे.

कवचप्रेमी यांचे उत्तर

वसंताच्या प्रश्नाचे उत्तर मी देतो. पहिल्या उबदार दुपारी मोहात पडू नका, रात्रीकडे लक्ष द्या. रात्रीचे तापमान सलग दोन आठवडे १२-१३ अंशांच्या खाली जात नसेल, तेव्हाच कायमचे बाहेर सोडा. त्याआधीच्या आठवड्यांत ऊन असेल त्या दिवशी दोन-तीन तास वाफ्यात न्या आणि सूर्य कलण्याआधी आत घ्या. हिवाळाभर २५ अंशांत राहिलेल्या कासवाला एकदम थंड रात्र मिळाली तर वर लिहिलेला त्रिशंकू पट्टा मार्च-एप्रिलमध्येही गाठता येतो.

मादी वर येईल तेव्हा तिला लगेच अन्न देऊ नका. आधी कोमट पाण्यात बसवा, वजन करा, आणि डोळे, नाक व कानांच्या जागा पाहा. ती एकटी राहत असली तरी उन्हाळ्याच्या सुरुवातीला एका जागी मागच्या पायांनी खड्डा उकरू लागली तर आश्चर्य वाटू देऊ नका. बॉक्स कासवाची मादी नराचे बीज शरीरात चार वर्षांपर्यंत साठवून ठेवू शकते, त्यामुळे वाफ्यात ऊन येणारा, भुसभुशीत मातीचा एक कोपरा तिच्यासाठी मोकळा ठेवा. लहानगे यंदा नव्याने सगळा वाफा पाहणार आहे. पहिल्या आठवड्यात रोज संध्याकाळी ते कुठे शिरते हे बघून तिथे एक काडी खोचून ठेवा, म्हणजे अवचित थंडी आली तर अंधारात सारा पालापाचोळा उपसावा लागणार नाही.